तीन हातांचं काम

रुतिकाचं नाव तिच्या आत्यानं ठेवलं. रिवाजच तो. बारशाला आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते आणि पाठीवर बायकांचे धपाटे खाते. पण नाव घरात आधी ठरलेलं असतं. आमचं ईशा ठरलं होतं. भाग्यश्रीनं पाळण्यात डोकं घातलं, काय मनात आलं कोण जाणे, आणि वर येऊन म्हणाली, "रुतिका!" सासरचं शिरवण्याचं घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "आता कानात गेला तो गेला. बाहेर कसा काढनार?" दीपेश हसला. माझा नवराच तो, पण बहिणीचं काहीही असलं की त्याला हसूच येतं.

नाव आता मला आवडतं. तो भाग वेगळा.

तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी बेलापूरला ऑफिसात होते. व्हिडिओ आला. रुतिका दोन्ही हात पुढे करून, पोट काढून, डुगडुगत कॅमेऱ्याकडे चालत येत होती. कॅमेरा भाग्यश्रीच्या हातात होता. म्हणजे ती भाग्यश्रीकडे चालत येत होती. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून पाहिला आणि खाली हार्ट टाकलं. लाल.

म्हणून सायकलचं मी मनात धरून ठेवलं होतं. साइडची दोन छोटी चाकं काढायची, सीटच्या मागे हात धरायचा, पोरीबरोबर धावायचं आणि मग, तिला न सांगता, हात सोडायचा. तो सोडणारा हात माझा हवा होता. दुसरं काही नाही. पुढचं सगळं आत्यानं घ्यावं, शर्यती, मेडल, काय हवं ते. ही एक गोष्ट माझी.

आणि शनिवारी संध्याकाळी भाग्यश्रीचा फोन. "वयनी, उद्या चारला येते. रुतूची साइडची चाकं काढून टाकू."

भाग्यश्री नेरूळच्या एका शाळेत खेळ शिकवते. लग्न केलेलं नाही, करायचंही म्हणत नाही. तिची पातळ टायरांची सायकल घेऊन ती शिरवण्याहून उलव्याला आमच्याकडे अशी येते, जशी मी हॉलमधून किचनमध्ये जाते. धाकटा ऋषी झाल्यापासून दर रविवारी ती रुतिकाला गावी घेऊन जाते. "तू जरा पाठ टेक," म्हणते. मी पाठ टेकते आणि पंख्याकडे बघत विचार करते, आत्ता दोघी काय खात असतील.

रविवारी दीपेशची बंदरावर ड्युटी होती. मी ठरवलं, चारच्या आत उरकायचं. आत्या येईल तेव्हा पोरगी चालवत असेल आणि मी पदरानं, म्हणजे ओढणीनं, घाम पुसत म्हणेन, "अगं, आलीस? हे बघ ना, शिकली पण."

साइडची चाकं सकाळीच काढली. दोन नट, एक पाना, काही अवघड नव्हतं. मग सायकल सरळ उभी केली तर पुढचं चाक बसलेलं. टायरमध्ये बाभळीचा काटा. आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून प्लॉटच प्लॉट आहेत, आणि प्लॉटवर बाभळीशिवाय काही उगवत नाही.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, पूरी साइकिल क्यों लाते हो, चक्का निकाल के लाओ."

चक्का निकाल के. ऋषी झोळीत झोपला होता. हॉलमध्ये पेपर पसरले, सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. चाकाच्या दोन्ही बाजूंचे नट सैल केले. चाक वर उचललं आणि ते सहज निघालं. ब्रेकच्या दोन रबरांच्या मधून टायर असा सुळकन बाहेर आला की मला माझाच अभिमान वाटला. ही एवढीशी गोष्ट, आणि भाग्यश्री हातमोजे घालून करते.

"आई, तू ब्रेक नाही काढला?" रुतिकानं विचारलं. ती बाजूला मांडी घालून बसली होती.

"ब्रेक कशाला काढायचा? चाक काढायचं होतं, काढलं."

"आत्या आधी ब्रेक काढते."

"आत्याची सायकल वेगळी."

छातीवर ऋषी बांधला, एका हातात चाक, एका हातात रुतिका. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. चाकाकडे बघून म्हणाल्या, "बाकीची कुठंय?" मी म्हटलं, "वर वाळत घातलीय." आजचा दिवस माझा आहे असं मला वाटत होतं.

पंक्चरवाल्यानं काटा काढला, ठिगळ लावलं, हवा भरली. अंगठ्यानं टायर दाबून दाखवला. दगड.

घरी येऊन चाक बसवायला घेतलं आणि ते जाईना. हवा नव्हती तेव्हा टायर चपटा होता, म्हणून ब्रेकच्या रबरांमधून निघाला. आता तो टम्म फुगलेला. इकडून घातला, तिकडून घातला, तिरका करून घातला. दोन रबरं दोन बाजूंना दारात उभ्या राहिलेल्या सासवांसारखी, आत येऊच देईनात.

रुतिका सरकून जवळ आली. मग म्हणाली, "आई, ती वाकडी नळी आहे ना, ती काढायची."

"कुठली वाकडी?"

"ही. आत्या दोन्ही दांड्या अशा चिमटीत दाबते, मग ही नळी खोबणीतून बाहेर येते. मग ब्रेक आ करतो. मग चाक जातं. मग परत दाबायचं, नळी खोबणीत. झालं."

तिनं हवेत चिमूट करून दाखवली. अंगठा आणि दोन बोटं, करंगळी वर उचललेली. भाग्यश्री करंगळी अशीच उचलते. चहा पितानाही.

"करू का व्हिडिओ कॉल आत्याला?"

"नको."

"ती एका मिनिटात सांगेल."

"रुतिका, म्हटलं ना नको!"

ऋषी झोळीत चुळबुळला. मी झोळीला पायानं झोका दिला आणि ब्रेककडे पाहिलं. वाकडी नळी होती खरी, हत्तीच्या सोंडेसारखी, आणि तिच्यातून वायर निघून पलीकडच्या दांडीवर एका छोट्या नटाखाली दाबलेली होती. पोरगी म्हणत होती तसं करून बघायला काय हरकत होती? काही नाही. पण त्या चिमटीत आत्याची करंगळी होती. मी दुसरीकडचा नट धरला आणि पान्यानं फिरवला.

ब्रेकनं आ केला. असा केला की दोन्ही दांड्या फटकन बाहेर फेकल्या गेल्या, आणि वायर नटाखालून निसटून मोकळी लोंबायला लागली. तिचं टोक पिंजारलेलं, कुंच्यासारखं.

"बघ!" मी म्हटलं. "जातं की नाही चाक?"

चाक गेलं. मी नट आवळले, सायकल सरळ केली, चाक फिरवलं. मोठ्या थाटात रुतिकाला म्हटलं, "दाब ब्रेक."

तिनं दाबला. ब्रेकची मूठ हँडलला जाऊन टेकली, चाक आपल्या नादात फिरत राहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू ब्रेक सोडवला नाहीस. तोडलास."

तोडला नव्हता. पण परत लावायला काय लागतं ते तेव्हा कळलं. एका हातानं दोन्ही दांड्या दाबून रबरं रिमला चिकटवून धरायची, दुसऱ्या हातानं वायर ताणून ठेवायची, आणि त्याच वेळी पान्यानं नट आवळायचा. तिसऱ्या हातानं. मी गुडघ्यानं दाबून पाहिलं. रुतिकाला दाबायला लावलं, तर तिची बोटं तेवढ्या ताकदीची नाहीत. रुतिकाच्या केसांचा रबरबँड दांड्यांना गुंडाळला, तो तुटून माझ्याच गालावर बसला. ऋषी उठला. त्याला मांडीवर घेऊन पाजता पाजता मी त्याच्या डोक्यावरून पाना चालवत होते, आणि मनात एकच चाललं होतं, चारच्या आत, चारच्या आत.

बेल वाजली. रुतिका धावली. "आत्या!"

चार वाजायचे होते. ती नेहमी लवकरच येते.

भाग्यश्री हेल्मेट हातात घेऊन दारात उभी राहिली. पेपर, पाना, लोंबणारी वायर, माझे काळे हात, ऋषीच्या टकलावर ग्रीसचा एक ठिपका. तिनं सगळं पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"पानी दे गो रुतू," ती म्हणाली. पाणी प्यायली. मग चपला काढून माझ्यासमोर येऊन बसली. "वायर सोडलीस?"

"सुटली."

"आईनं सोडली," रुतिका म्हणाली. "मी नळी सांगत होते."

"तू गप. सगळ्यांची सुटते. माझी पयल्यांदा भर शर्यतीच्या आधी सुटलेली. आन त्या ऋषीला इकडं."

"राहू दे. तो पितोय."

"तो झोपलाय वयनी. तोंडात धरून झोपलाय."

मी खाली पाहिलं. झोपला होता. मी त्याला झोळीत ठेवून आले. वाटलं होतं, तोवर ती सगळं उरकून टाकेल आणि मला म्हणेल, झाला बघ. पण ती दोन्ही पंजांनी ब्रेकच्या दांड्या दाबून, रबरं रिमला चिकटवून, नुसती बसली होती.

"मी धरते. तू वायर खेच नि नट मार."

"तूच कर ना. तुला येतं."

"तीन हात लागतात याला, मला दोनच हायत. खेच."

मी वायर नटाखाली सरकवली, ताणली, नट आवळला. तिनं हात काढले. चाक फिरवलं तर ते हललंच नाही.

"लय घट्ट झाला," ती म्हणाली. "असा आवळलास तर चालवनार कशी ती? जरा ढील दे."

"किती?"

"चाकाला कळला पायजे की आपन सुटलो, आनि रबराला कळला पायजे की धरायचा हाय. तेवढी."

"शाळेत पण असंच शिकवतेस? पोरांना कळतं?"

"नाय कळत. माझ्या घरातल्यांना पन नाय कळत," ती म्हणाली, आणि आता हसली.

परत नट सोडला. परत तिनं धरलं, मी ओढलं, या वेळी ओढून किंचित मागे येऊ दिली. चाक फिरलं, पण एका बाजूनं सर्रर्र, सर्रर्र घासत. उजवं रबर रिमला चिकटलेलं, डावं लांब. तिनं बोटानं दांडीच्या मुळाशी असलेला बारीक स्क्रू दाखवला. "ह्यो थोडा थोडा फिरव. एकदम नको." मी पाव पाव आटा फिरवत गेले. आवाज पातळ झाला, मग तुटक झाला, मग नुसता वारा राहिला. चाक फिरत होतं आणि दोन्ही रबरं दोन बाजूंना सारख्या अंतरावर गुमान उभी होती. मी मूठ दाबली. चाक थांबलं.

परत फिरवलं, परत थांबवलं. मला ते सोडवेना.

"भारी," भाग्यश्री म्हणाली. "आता पुढच्या वेळेला नट नको सोडू. ती वाकडी नळी हाय ना, ती नुसती खोबणीतून काढायची..."

"माहितीये," मी म्हटलं.

खाली उतरलो. आमच्या सोसायटीच्या मागे एक डांबरी रस्ता आहे, पुढे प्लॉटला जाऊन संपतो, त्यामुळे गाड्या येत नाहीत. मी सीटला हात घालायच्या आतच भाग्यश्रीनं माझ्याकडे हात पसरले. "ऋषीला दे. तू रुतूला धर."

मी तिच्याकडे बघितलं. हे भांडण मी दिवसभर मनात लढत होते आणि तिनं लढायच्या आधीच पायरीवर बसून ऋषीला मांडीवर घेतलं, त्याच्या टकलावरचा ग्रीसचा ठिपका ओढणीनं पुसायला लागली. इतक्या सहज कोणी काही देत नाही. निदान तिनं मला कधी दिलेलं नाही.

पण पोरगी सीटवर बसली होती. तिच्या पाठीला घाम आला होता. शांपूचा आणि वेफर्सचा वास येत होता. मी सीटच्या मागे हात धरला.

"आई गं! सोडू नको हं! आई, पडेन हं मी!"

"नाही सोडत. पुढे बघ."

धावायला लागलो. ती डावीकडे डुलायची, उजवीकडे डुलायची. "आई गं! आई गं!" गळा काढून. मला धाप लागली, चपलेचा अंगठा सुटत आला, आणि मला वाटलं, आता. मी हात सोडला.

काय वाटलं ते सांगता येणार नाही मला. हात पुढेच राहिला होता, सीटच्या आकाराचा. ती जात होती. माझ्याशिवाय जात होती, आणि ते माझ्यामुळे होतं. मी तोंडावर हात ठेवला, तोंडाला ग्रीस लागलं.

मग प्लॉटमधून एक कुत्रं रस्त्यावर आलं.

मी ओरडायच्या आत तिनं ब्रेक दाबला. दोन्ही हातांनी, हळू दाबत आणत. सायकल कुत्र्याच्या अलीकडे थांबली. तिनं डावा पाय खाली टेकवला. उजव्या पायाच्या चवड्यानं पॅडल मागे फिरवून वर आणून ठेवलं, परत निघायला तयार. कुत्रं गेलं. तिनं मान वळवली आणि बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्यावरून, मागे, पायरीकडे. भुवया उंचावून, की बरोबर केलं ना?

नवीन पोरं ब्रेक दाबत नाहीत. पाय घासतात, किंचाळतात, झुडपात घुसतात. दुपारभर मी त्या ब्रेकशी झटले होते, आता मला थांबणं म्हणजे काय ते थोडं कळत होतं. हे पहिल्या दिवसाचं थांबणं नव्हतं. आणि तो "आई गं" कुठं ऐकलाय तेही आठवलं. शाळेच्या गॅदरिंगला ती लांडग्याला घाबरणारं कोकरू झाली होती. त्यातला होता.

मी परत चालत आले, पायरीवर बसले. भाग्यश्री ऋषीचं टोपडं सरळ करत होती. ते सरळच होतं.

"कधी?" मी विचारलं.

"काय कधी?"

"भाग्यश्री."

तिनं टोपडं सोडलं. "गनपती गेल्यावर. शेजारच्यांची छोटी सायकल हाय, तिच्यावर." मग घाईघाईनं, "मीच बोलले रुतूला, आईला नको सांगू. आईसमोर पयल्यांदाच करतेस असं कर. तुला बरा वाटेल म्हनून."

नाव घेतलं, पाऊल घेतलं, ते मला सोसलं होतं. हे नाही सोसलं. घेतलेलं परत, फडक्यात गुंडाळून, माझ्याच हातात दिलं होतं तिनं. माझी सहा वर्षांची पोर आईची समजूत काढायला घाबरल्याचं नाटक करत होती.

"छान शिकवलंस नाटक," मी म्हटलं. "आणि कसा होता तो? तुझा क्षण? कुठे सोडलास हात तू?"

मला ऐकायचंच होतं. दुखऱ्या दाताला जीभ जाते तशी.

"नाय सोडला."

"म्हणजे?"

"धरलाच नव्हता तर सोडू काय." ती ऋषीकडे बघत बोलत होती. "देवळाच्या पटांगनात होतो. ऊन लय होता. तिला ओट्यावर बसवली, सायकल भिंतीला लावली, बोलले, हलू नको, रस घेऊन येते. दोन ग्लास घेऊन आले तर ही पटांगनात गोल गोल फिरते. एकटी. मी तशीच उभी. रस सांडला हातावर."

"म्हणजे तू पण नाही बघितलंस?"

"नाय."

"सुटताना? अगदी पहिल्यांदा?"

"नाय बघितला ना वयनी. सहा महिने मी वाट बघत होते." तिनं टोपडं परत सरळ केलं. "त्या दिवशी मी जेवले पन नाय."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी मान फिरवली, तिला दिसू नये म्हणून. तिला ते दिसलंच. "हस," ती म्हणाली. "हस तू."

"मी कुठे हसतेय?"

"पोट हलतंय तुझा."

"पण मग बघितलं कोणी? पटांगणात कोणीच नव्हतं?"

"बायजा काकू होती. सुकट वाळत घातलेली तिनं देवळासमोर, राखत बसलेली. मी तिला किती विचारला. काकू, कशी निघाली गो ती? पडली काय? घाबरली काय? हसली काय? तर बोलते..." भाग्यश्रीनं बायजा काकूसारखा हात कमरेवर घेतला, ऋषी मांडीवर असताना. "बोलते, 'मना काय ठाव! माजे सुकटीवर येत होती, मी बोंबलले, थांब गो! तं थांबली.'"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

"ब्रेक पण तू नाही शिकवलास?"

"बायजा काकूनं शिकवला," भाग्यश्री म्हणाली, आणि मग आम्हाला आवरेना. ऋषी दचकून उठला, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून त्यानं रडायला तोंड वाकडं केलं आणि विचार बदलला. भाग्यश्री डोळे पुसत होती. त्यातलं सगळं हसण्याचं नव्हतं. माझंही नव्हतं. बायजा काकूचा मला त्या क्षणी असा काही हेवा वाटला की काय सांगू. सुकट राखत बसलेली बाई, तिच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि तिनं बघितली ती सुकट.

"आई!" रस्त्याच्या टोकाकडून रुतिकानं हाक मारली. ती अजून तशीच उभी होती, डावा पाय खाली, पॅडल वर. आम्ही का हसतोय ते तिला कळत नव्हतं आणि विचारायचं की नाही तेही ठरत नव्हतं. शेवटी ती ओरडली, "आई, आता खरी खरी चालवू?"

भाग्यश्रीनं ओठ चावला.

"चालव," मी म्हटलं.

ती सायकल वळवून निघाली. डुलली नाही, ओरडली नाही. हँडलवर वाकून, जीभ दातांत धरून, सुसाट आमच्या दोघींच्या समोरून गेली. कोणाकडेच बघितलं नाही.